हरिभाऊंचा ‘पण’



मागच्या चातुर्मासातली गोष्ट आहे. आमचा नातू तेव्हा चौथीत होता. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो, त्यामुळे घरात सकाळ-संध्याकाळ लढाया चालू. माझा पोळपाट म्हणजे ढाल, लाकडी पट्टी म्हणजे तलवार आणि गच्चीचा जिना म्हणजे कोंढाण्याचा कडा. सूनबाई ओरडायची. मी म्हणायचे, खेळू दे गं, मोबाइलपेक्षा बरं.

एका रात्री त्याने हट्ट धरला, “दादी, तानाजींची गोष्ट पूर्ण सांग. पुस्तकात फारच थोडी दिलीय.” माझ्या कपाटात माहेरून आणलेलं ‘गड आला पण सिंह गेला’ आहे. धुळ्याला मी सातवी-आठवीत असताना वडिलांनी घेऊन दिलेलं. पुठ्ठा सुटलाय, पानं पिवळी पडलीत, पण सासरी येताना साड्यांच्या घडीत घालून आणलं ते आजपर्यंत टिकलंय. प्रतिक्रमण आटोपून मी त्याच्याजवळ बसले आणि पुस्तक न उघडताच तोंडी सांगायला लागले. रायबाचं लग्न, महाराजांचा निरोप, लग्न तसंच टाकून निघालेले तानाजी, माघातली काळी रात्र, कडा, दोर.

घोरपडीपाशी त्याने अडवलं. “तिच्या कमरेला दोर बांधला तर तिला दुखलं नाही का?” बघा, जैनाचं पोर! मी म्हटलं, “हळूच बांधला असेल.” गोष्ट पुढे गेली. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाभींच्या अठाईचं पारणं होतं, पहाटे उठायचं होतं, मला झोप येत होती. म्हणून मी गोष्ट उरकली. “मावळे वर चढले, मोठी लढाई झाली, गड आपला झाला. उरलेलं उद्या. झोप आता.”

दिवा घालवल्यावर अंधारातून प्रश्न आला, “दादी, त्यांनी इतकी माणसं मारली, मग पाप नाही लागलं?”

आणि मी, चाळीस वर्षं सामायिक करणारी बाई, झोपेच्या भरात काय म्हणाले? “अरे, ती लढाई होती. लढाईत पाप नसतं.”

उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगायची राहिली. पारण्याची गडबड, पाहुणे, तुम्हाला माहीत आहेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात बिल्डिंगमधल्याच एका मुलाची आई उभी. मुलाच्या भुवईवर टेंगूळ, पट्टीचा वळ. डोळा थोडक्यात वाचला होता. मी नातवाला पुढे ओढलं आणि म्हटलं, माफी माग. तो शांतपणे म्हणाला, “लढाई होती, दादी. लढाईत पाप नसतं. तूच म्हणालीस.”

मैत्रिणींनो, त्या बाईंसमोर मला जमीन दुभंगावीशी वाटली. पोराने माझंच वाक्य माझ्या पदरात टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आवरल्यावर ते पुस्तक घेऊन बसले. इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं ते आधी पाहिलं, ते म्हणजे नाव. ‘गड आला पण सिंह गेला’. मी गोष्ट कुठे थांबवली होती? ‘गड आला’ इथे. पुढचा ‘पण’ मी झोपेपायी गिळून टाकला होता. लेकराच्या हाती अर्धीच गोष्ट पडली, आणि अर्ध्या गोष्टीत नुसती तलवारच असते.

मग ज्यांनी हा ‘पण’ लिहिला त्या हरिभाऊंविषयी जे जे घरात होतं, वाचनालयात मिळालं, ते वाचत गेले. हरि नारायण आपटे. आपण त्यांना पुण्याचे समजतो. पण त्यांचा जन्म आपल्या खानदेशातला, पारोळ्याचा! ८ मार्च १८६४. तारीख पाहिलीत ना? तेव्हा महिला दिन वगैरे काही नव्हता, पण मराठी बाईचं दुःख ज्याने पहिल्यांदा घराघरात वाचायला लावलं, त्याचा वाढदिवस नेमका त्या दिवशी यावा याची मला गंमत वाटते.

धुळ्याहून जळगावला मी गेली कित्येक वर्षं येते-जाते. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. पारोळा आलं की आमचे हे म्हणतात, “आता अर्ध्याच्या जवळ आलो.” एवढीच माझी पारोळ्याशी ओळख. तिथला भुईकोट किल्ला गावातच आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी त्या जहागिरीचं नातं होतं, आणि १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी ती जहागीर जप्त केली, किल्ल्याची मोडतोड केली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच हरिभाऊ त्या गावात जन्मले. पडका किल्ला आणि त्याच्या ताज्या आठवणी सांगणारी माणसं गावात असणारच. ते सगळं त्यांच्या कानावर किती पडलं हे मी सांगू शकत नाही, कारण ते लहानपणीच खानदेश सोडून गेले. पण गड येणं आणि गड जाणं हे ज्या गावाने नुकतंच पाहिलं होतं, त्या गावचं ते लेकरू, एवढं खरं.

चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. पुढे एकत्र कुटुंबात वाढले. १८७८ साली घर पुण्याला आलं. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर अशांच्या सहवासात शिकले. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांसाठी आनंदाश्रम ही संस्था काढली, तिचा कारभार हरिभाऊंनी पाहिला. पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी गेले, पंचावन्न पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी असताना.

पण आपल्यासारख्या बायकांना सांगण्यासारखं वेगळंच आहे. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षं चालवलं. घरातल्या सगळ्यांनी वाचावं, वाचता वाचता चार शहाण्या गोष्टी कळाव्यात, असा त्यामागचा हेतू. त्यांच्या कादंबऱ्या अशा हप्त्याहप्त्याने लोकांच्या हाती पडत. आज आपण पुढच्या भागाची वाट पाहतो ना, तशीच तेव्हाची माणसं ‘करमणुकी’ची वाट पाहत असणार. एकीकडे ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधली यमू, म्हणजे लहानपणी लग्न होऊन सासरी गेलेली, पुढे विधवा झालेली, स्वतःची हकीकत स्वतःच सांगणारी मुलगी. दुसरीकडे ‘उषःकाल’मधलं स्वराज्य उभं राहण्याच्या आधीचं विजापूरकरांचं राज्य, ‘वज्राघात’मधला विजयनगरचा अंत. एकच माणूस माजघरातलंही लिहीत होता आणि रणांगणावरचंही.

आणि दोन्हीकडे तो ‘पण’ आहे! ‘पण लक्षात कोण घेतो?’, ‘गड आला पण सिंह गेला’. योगायोग असेल. मला मात्र वाटलं, या माणसाचं सगळं लक्ष त्या ‘पण’वरच असावं. घर भरलेलं आहे, पण त्यातल्या मुलीकडे कोण पाहतं? गड जिंकला, पण कोण परत आलं नाही?

तानाजीच्या गोष्टीतही त्यांनी एक बाई आणली आहे. कमलकुमारी, सती जायला निघालेली रजपूत विधवा, जिला उदयभानू पळवून आणतो. कोंढाण्याच्या लढाईचा इतिहास बघितला तर ही कमलकुमारी त्यात नाही, ती हरिभाऊंची आहे. घोरपडही अशीच, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून घराघरात पोचलेली. आणि तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं असं आपण सांगतो खरं, पण हे नाव त्याआधीच्या कागदांतही आढळतं असं अभ्यासक म्हणतात. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. जुनी कागदपत्रं जपणारी ती जागा. लहानपणी शाळेतून नेलं होतं तेव्हा ते रुमाल बघून कंटाळा आला होता. आज कळतं, कागद सांगतात तेवढंच धरून ठेवणारी माणसंही लागतात, आणि त्या कागदांच्या मधल्या रिकाम्या जागेत एखादी कमलकुमारी उभी करणारा लेखकही लागतो. मुलांना फक्त एवढं सांगावं की हे कागदातलं आणि हे कथेतलं. त्याने गोष्ट फिकी होत नाही. उलट माझ्या नातवाला ‘घोरपड शाहिराची आहे’ म्हटल्यावर हायसंच वाटलं. “म्हणजे तिला दुखलं नाही!”

कागदातलं पक्कं आहे ते असं. १६७० सालच्या फेब्रुवारीतली रात्र. गड घेतला गेला. तानाजी पडले, उदयभानही पडला.

आता राहिला खरा प्रश्न. पाप लागलं की नाही? त्याचं उत्तर हरिभाऊंच्या पुस्तकात नव्हतं. ते मला स्थानकात मिळालं.

महासतीजींना मी घडलेलं सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “हाच प्रश्न गौतम स्वामींनी भगवंतांना विचारलाय.” भगवती सूत्रात आहे. लोक म्हणतात, युद्धात मेलेले देवलोकात जातात. हे खरं का? भगवंत म्हणाले, हे म्हणणं खोटं आहे. आणि मग त्यांनी वैशालीच्या वरुणाची गोष्ट सांगितली. वरुण नागनत्तुआ, श्रावक. बेल्यावर बेले करणारा तपस्वी. त्याला राजाज्ञेने रथमूसल संग्रामात जावं लागलं. त्याने दोन दिवसांचा उपवास वाढवून तेला केला आणि नियम घेतला की जो माझ्यावर आधी वार करील त्याच्यावरच मी वार करीन. समोरचा योद्धा म्हणाला, मार. वरुण म्हणाला, तू मारल्याशिवाय मी मारणार नाही. त्याने बाण मारला, वरुण घायाळ झाला, मग वरुणाने उलट वार केला आणि तो योद्धा पडला. आपण आता वाचत नाही हे वरुणाला कळलं. त्याने रथ एकांतात नेला. घोडे सोडून दिले. दर्भाच्या आसनावर पूर्वेला तोंड करून बसला, अरिहंतांना आणि भगवान महावीरांना वंदन केलं, सगळ्या पापांची आलोचना केली, मग बाण उपसला आणि समाधीने देह सोडला. त्याला देवलोक मिळाला तो या व्रताने आणि या आलोचनेने. युद्धाने नाही.

मी हे व्याख्यानात आधीही ऐकलं असेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा पोचलं. आपलं पहिलं अणुव्रत घ्या. निरपराध त्रस जीवाला जाणूनबुजून मारणार नाही, असं आपण म्हणतो. गृहस्थाला घर राखावं लागतं, राज्य राखावं लागतं, हे आपल्या धर्माने ओळखलं आहे. साधूचं व्रत वेगळं, श्रावकाचं वेगळं. पण ‘लढाईत पाप नसतं’ असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही. नाइलाजाने केलं तरी केलेलं कर्म आपलंच, आणि त्याची आलोचनाही आपलीच.

त्या रात्री मी नातवाला उरलेली गोष्ट सांगितली. यावेळी पुस्तक उघडून, मधेमधे वाचून दाखवत. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, वाक्यं लांबच लांब. तो कंटाळेल असं वाटलं होतं, नाही कंटाळला. तानाजी पडतात तिथे तो उठून बसला.

“मग रायबाचं लग्न?”

“झालं असेल नंतर. पण वडील नव्हते.”

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “उदयभानला पण मुलगा होता का?”

मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. म्हटलं, “असेलही. त्याचीही कोणी वाट बघत असेल.” मग वरुणाची गोष्ट सांगितली. त्यातलं त्याला सगळ्यात काय आवडलं असेल? घोडे सोडून दिले ते. “घोड्यांचा काय दोष होता!” तानाजी शूर होते, आपल्या लोकांसाठी लढले, त्यांचा आपण आदर करायचा. आणि तरी त्या रात्री दोन्हीकडच्या घरांत रडारड झाली, हेही लक्षात ठेवायचं. दोन्ही एकदम मनात ठेवता येतं की नाही मुलांना? मला वाटायचं, नाही येत. येतं हो. आपल्यापेक्षा सोपं जातं त्यांना.

त्याला आता गोष्टींची चटक लागली आहे. हरिभाऊंनी ‘चंद्रगुप्त’ही लिहिलं आहे हे कळल्यावर ते आणलं. मी मोठ्या आशेने उघडलं, कारण आपला चंद्रगुप्त म्हणजे भद्रबाहू स्वामींच्या मागे दक्षिणेत गेलेला, श्रवणबेळगोळला सल्लेखना घेतलेला. हरिभाऊंची कादंबरी मात्र नंदांचं राज्य जाऊन मौर्यांचं येतं त्या काळापुरती आहे. चाणक्याची कारस्थानं, पाटलीपुत्र. मग आम्ही वाटणी केली आहे. सिंहासनापर्यंत हरिभाऊ सांगतात, पुढचं दादी सांगते. राज्य मिळालं, पण पुढे त्याने ते सोडलं. मधे हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वातली म्हातारीही घालते. गरम पेज पोरांना वाढलेली, एकाने मधोमध बोट घातलं आणि भाजून घेतलं. म्हातारी म्हणाली, तूही त्या चाणक्यासारखाच वेडा, कडेकडेने खायचं सोडून मधेच हात घालतोस. वेषांतर करून आलेला चाणक्य तिथेच बसला होता. त्याने धडा घेतला, राजधानी सोडून आधी सीमेवरचा मुलूख जिंकायला घेतला. आमच्याकडे बाजरीची राबडी झाली की नातू आता ताटलीच्या कडेने सुरुवात करतो आणि आईला म्हणतो, “मी चाणक्य नाही, मी शहाणा आहे.”

सांगायचं ते एवढंच की मुलांच्या हातून इतिहासाची पुस्तकं काढून घेऊ नका. मला एकीने सुचवलं होतं, “जैनांच्या घरात मारामारीच्या गोष्टी कशाला?” मलाही क्षणभर पटलं होतं. पण गोष्ट काढून घेतली तरी शाळेत, टीव्हीवर, जिन्यात ती त्याला भेटणारच, आणि तिथे ती ‘गड आला’ला थांबेल. ‘पण’ सांगायला घरचंच माणूस लागतं. रात्री कितीही झोप आली तरी तेवढं सांगून दिवा घालवा.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण करून आलो. नातू त्या मुलाच्या घरी जाऊन आला होता. मी पाठवलं नव्हतं. त्याच्या आईने नंतर सांगितलं की त्याने आधी मिच्छामि दुक्कडं म्हटलं आणि मग ती लाकडी पट्टी त्या मुलाला देऊन टाकली. घरी आल्यावर मोठ्यांशी खमतखामणा करत तो माझ्यापुढे आला, वाकला. मी त्याला उभं केलं आणि आधी मीच हात जोडले.

“त्या रात्री मी तुला घाईने चुकीचं उत्तर दिलं. मिच्छामि दुक्कडं.”

तो लाजला. मग इकडे तिकडे बघत म्हणाला, “चालतं दादी. पण आज गोष्ट पूर्ण सांग.”